कपाखालचा बेडूकमासा

विल्फनं वयाच्या एकसष्टाव्या वर्षी लग्न केलं आणि लग्नाच्याच नाचात घोटा मुरगळून घेतला, ते साल एकोणीसशे नव्याण्णव. घरात पुढं कितीतरी वर्षं सगळ्या गोष्टी ‘घोट्याच्या आधी’ आणि ‘घोट्यानंतर’ अशाच सांगितल्या जायच्या. बेरिल टर्नॉकच्या घरी नगरपालिकेचा माणूस आला तो घोट्यानंतर, सप्टेंबरात, मंगळवारी सकाळी. बेरिल ही विल्फची धाकटी बहीण. वय छप्पन्न, नवऱ्याला जाऊन आठ वर्षं झालेली. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टोक शहरात, टेकडीवरच्या वसाहतीत नगरपालिकेच्या घरात ती एकटी राहायची, आणि घराच्या भाड्यातला मोठा वाटा नगरपालिकाच मदत म्हणून उचलायची. ती मदत पुढं चालू ठेवायची की नाही, हे बघायला हा माणूस आला होता. शेरट त्याचं नाव. तिशीचा, ओले केस चापून बसवलेले, एका बुटाची नाडी सुटलेली. त्यानं प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली, आणि सगळं सुरळीत संपत आलं होतं. शाळेत झाडलोट करता, तेवढंच ना? तेवढंच. घरात दुसरं कुणी राहत नाही? नाही. दुसरी काही मिळकत? यावर बेरिलनं गालावरचा हात आणखी दाबला आणि खिडकीकडे बघितलं. शेरटनं चहाचा दुसरा घोट घेतला, कपावरच्या गुलाबाकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि त्याचं मनगट वळायला लागलं.

ते मनगट बेरिलनं ओळखलं. कप खाली ठेवणाऱ्या माणसाचं मनगट असं वळत नाही, चहा ढवळणाऱ्याचंही नाही. या शहरात जन्मलेल्या माणसाच्या पुढ्यात कप आला की तो आधी वरून बघतो आणि मग त्याचा हात आपसूक, डोक्याला न विचारता, कपाचं बूड बघायला निघतो. कुणाचा माल, कुठल्या कारखान्याचा शिक्का, कुणाच्या हातचा. श्रीमंताच्या घरी असो, इस्पितळात असो, मयताच्या चहाला असो. बेरिलच्या नवऱ्यानं, लेननं, लग्नानंतर लँडुडनोच्या समुद्रावर खोली घेतली होती तेव्हा पहिल्याच संध्याकाळी सुपाची बशी सुपासकट उलटी केली होती. खानावळीची मालकीण दारात उभी राहून बघत होती. “काही चुकलं का?” तिनं विचारलं. मांडीवर वाटाण्याचं सूप घेऊन लेन म्हणाला, “नाही बाई, आपल्याकडचीच निघाली.” बेरिल तेव्हा इतकी हसली की रात्रीपर्यंत तिच्या बरगड्या दुखत होत्या. आता शेरटच्या हातातला कप कलत होता आणि तिला हसू येत नव्हतं. कपात चहा अर्ध्याहून जास्त होता. चहाचं तिला काही वाटत नव्हतं. कपाच्या बुडाखाली काय आहे ते तिला ठाऊक होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गेला आठवडाभर तिनं घर झाकलं होतं. मागच्या कोळशाच्या कोठडीत वीजभट्टी होती, तिच्यावर लेनचा जुना ओव्हरकोट टाकला होता, ओव्हरकोटावर बटाट्याचं पोतं. रंगांच्या बाटल्या पलंगाखाली. कुंचले मोज्यात. पांढरी कोरी भांडी पेगच्या घरी, तिच्या आंघोळीच्या टबात. पेग म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. त्यामुळे पेगला आठवडाभर अंघोळ नव्हती, आणि हे ती दिवसातून दोनदा भिंतीवर टकटक करून ऐकवत होती. राहिला होता फक्त वास. रंग कालवायला लवंगेचं तेल लागतं, आणि लवंगेचा वास पडद्यात शिरला की पोळ्याच्या माशीसारखा तिथंच घर करतो. “तुझ्या घरात नेहमी दात दुखणाऱ्या माणसाचा वास येतो,” असं पेग म्हणायची. त्या सकाळी बेरिलनं कांदे परतले, कोबी उकडला, दारं उघडी टाकली. तरी शेरटनं उंबरठ्यावरच नाक वर केलं आणि विचारलं, “दात दुखतोय का हो, मिसेस टर्नॉक?” आणि बेरिल म्हणून गेली, “दाढ. फार ठणकतेय.” त्या क्षणापासून ती गाल धरून बसली होती. एक हात असा गालाला अडकला तर माणूस खोटं बोलतोय असं वाटत नाही, विव्हळतोय असं वाटतं. पण तिला मात्र वाटत होतं की तो गाल आपला नाहीच, कुणीतरी सांभाळायला दिलाय.

आणि एवढं सगळं झाकून चहा दिला तो या कपात. स्वयंपाकघरात किटली उकळत असताना तिनं आधी मग काढले होते, बाजारातले, जाड काठाचे, एकाचा टवका उडालेला. ते ट्रेमध्ये ठेवले. किटलीखालचा गॅस बंद केला. पुन्हा ट्रेकडे बघितलं. आलेल्या माणसाला टवका उडालेल्या मगात चहा? तिची आई असती तर शाल ओढून घराबाहेर निघून गेली असती. ज्या बेरिलनं चाळीस वर्षं कारखान्यात हाडाच्या राखेची चिनी भांडी रंगवली, जिच्या हातची बशी उजेडाला धरली की पलीकडून बोटं दिसायची, तिच्या हाताला तो मग उचलवेना. हात फळीकडे गेला. फळीवर मागं, पिठाच्या डब्याआड, तिनं स्वतःसाठी ठेवलेले दोन कप होते. घाबरलेल्या माणसाचं डोकं एक सांगतं आणि हात दुसरंच करतो, आणि बहुतेक वेळा हातच आपल्या माणसासारखा वागतो.

कप आणखी कलला. काठाशी चहा चंद्रकोरीसारखा गोळा झाला.

पंधराव्या वर्षी ती कारखान्यात लागली तेव्हा मिस प्लांट नावाची मुकादमीण होती, उंच, नेहमी करडा कोट, आणि तिच्या बोटांना कायम टर्पेंटाइनचा वास. उत्तरेच्या मोठ्या खिडक्यांपाशी रांगेनं मुली बसायच्या. नगावर पैसे. काम करताना सगळ्या गायच्या. एकीनं सूर धरला की पन्नासजणींचे कुंचले त्या सुरावर चालायचे, आणि म्हणून संथ गाणं सुरू झालं की कुणीतरी ओरडायचं, “अगं बाई, या गाण्यावर माझं भाडं निघायचं नाही, जरा पाय हलवणारं म्हण!” बेरिलला पहिल्या दिवशी गुलाब दिला नाही. आठवडाभर नुसती पानं. मग देठ. मग कुठं पाकळी. कुंचला रंगात बुडवायचा, एका कडेला जास्त रंग, दुसऱ्या कडेला कमी, आणि एकाच ओढीत अंधार आणि उजेड दोन्ही उतरले पाहिजेत. दोनदा ओढली तर पाकळी मेली. प्रत्येक मुलीला स्वतःची खूण ठरवावी लागायची, भांड्याच्या बुडाशी, कारखान्याच्या शिक्क्याच्या बाजूला. कुणाची फुली, कुणाचे दोन ठिपके. बेरिलनं ठरवला एक ठिपका. पण मिस प्लांट मागं येऊन उभी राहिली, हात थरथरला, आणि ठिपक्याला शेपूट फुटलं. बेरिल रडायच्या बेतात. मिस प्लांटनं बशी हातात घेतली, चष्मा कपाळावर ढकलला. “हा बेडूकमासा झाला,” ती म्हणाली. “राहू दे. ठिपके पन्नास आहेत. पोहणारा एकच.” चाळीस वर्षं तो बेडूकमासा जगभर गेला. कुणाच्या टेबलांवर, कुठल्या देशांत, बेरिलला कधी कळलं नाही. शिक्का कारखान्याचा असायचा. बेडूकमासा कोपऱ्यात, मुंगीएवढा.

विल्फच्या लग्नाच्या वर्षी, वसंतातच, कारखाना बंद झाला. बंद झाला त्याचं दुःख तिनं केलं नाही, कारण सगळेच ते करत होते आणि तिला रांगेत उभं राहायचा कंटाळा होता. पण घरात बसल्यावर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. उजवा हात आपला आपण चालायचा. बसमध्ये बसली की अंगठा आणि दोन बोटं मांडीवर पाकळ्या काढायची. चर्चमध्ये प्रार्थनेत काढायची. नगरपालिकेच्या कचेरीत, भाड्याच्या मदतीसाठी पहिल्यांदा गेली तेव्हा, काचेपलीकडची मुलगी नावगाव विचारत होती आणि बेरिलचा हात काचेच्या कडेवर पानं काढत होता. त्या दिवशी परत येताना तिच्या पायांत शिसं होतं. मदत मिळाली, छप्पर राहिलं, आणि त्या छपराखाली ती पाहुण्यासारखी वावरू लागली. स्वतःच्याच जिन्यावरून पाय न वाजवता चढायची. ज्या घरात लेननं भिंतीला हिरवा रंग दिला, ज्या घरात तो गेला, त्याच घरात तिला वाटायचं की कुणी दार वाजवलं तर आपण उठून म्हणू, मालक घरात नाहीत.

मग विल्फ येऊन म्हणाला, “मी लग्न करतोय.”

“कुणाशी?”

“ग्वेंडाशी. वेल्सची आहे. बसमध्ये भेटली.”

“बसमध्ये रोज चाळीस बायका भेटतात तुला.”

“हो, पण बाकीच्या उतरतात,” विल्फ म्हणाला.

त्याला आहेर काय द्यायचा? दुकानातलं काही घ्यायला हातात पैसा नव्हता, आणि दुकानातलं दिलं तर विल्फनं बूड उलटं करून बघितलंच असतं. कारखान्याच्या शेवटच्या विक्रीत तिनं पांढऱ्या कोऱ्या बश्या घेऊन ठेवल्या होत्या, का घेतल्या ते तेव्हा तिलाही सांगता आलं नसतं. एका शाळेतली छोटी वीजभट्टी मोडीत निघत होती, ती विल्फनंच मासेवाल्या दोस्ताच्या गाडीतून आणून दिली. भट्टीला आठवडाभर माशाचा वास होता. पहिल्यांदा भट्टी लावली तेव्हा बेरिल कोठडीबाहेर बादली उपडी घालून बसून राहिली. कच्चा गुलाब दिसायला भलता असतो, मळकट जांभळा, सुकलेल्या रक्तासारखा. सोनं तर काकवीसारखं, तपकिरी, चिकट. ज्याला ठाऊक नाही तो म्हणेल, घाण केली चांगल्या बशीची. आणि भट्टी लवकर उघडायची नाही. उघडली की गार वारा लागून भांडं तडकतं. लेन गेला तेव्हासुद्धा तिला इतका वेळ हात बांधून बसता आलं नव्हतं. सकाळी झाकण उचललं. ऊब तोंडावर आली. आत बारा बश्या, बारा गुलाब, गुलाबी, अगदी ओठांसारखे, आणि काठाला सोनं. बेरिल कोळशाच्या कोठडीत एकटीच मोठ्यानं गायला लागली, तेच पाय हलवणारं गाणं, आणि भिंतीपलीकडून पेग ओरडली, “कोण मेलं गं?” “कुणी नाही!” बेरिल ओरडली. “उलट झालंय!”

लग्नात ग्वेंडानं हट्ट धरला की केक याच बश्यांतून वाढायचा. आणि मग जे व्हायचं ते झालं. हॉलमधल्या साठ माणसांपैकी ज्यांच्या वाट्याला त्या बश्या आल्या त्या प्रत्येकानं एका हातानं केक धरला, दुसऱ्या हातानं बशी डोक्यावर नेली आणि खालून बघितली. ग्वेंडा वेल्सची, तिला हे नवीन. “तुमच्या गावात तोंडापेक्षा बूडच बघतात का रे?” तिनं नवऱ्याला विचारलं. “तोंड काय, सगळेच बघतात,” विल्फ म्हणाला. “म्हणून तर एकसष्ट वर्षं थांबलो.” तिनं त्याला नॅपकिन फेकून मारला. तेवढ्यात जुन्या कारखान्यातलं कुणीतरी ओरडलं, “अरे, हा तर बेडूकमासा! बेरिल, तुझा ना? आणि शिक्का कुठाय?” शिक्का नव्हता. बशीच्या पांढऱ्या तळाशी दुसरं काहीच नव्हतं, आणि म्हणून पहिल्यांदाच तिनं बेडूकमासा मधोमध काढला होता, अंगठ्याच्या नखाएवढा. जून संपायच्या आत चार घरांची कामं आली. कुणाच्या बारशाचा कप, कुणाच्या आईला नव्वदीची बशी. आणि प्रत्येक कामाबरोबर छातीत एक आनंद उठायचा, आणि त्या आनंदाच्या पाठीवर बसून भीती यायची.

भीती पेगनं घालून दिली होती. “त्या कोपऱ्यावरच्या बाईचं काय झालं ठाऊक आहे ना? लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची घरी. भाड्याची मदत बंद. कोर्टात उभी केली म्हणे. चार शर्टांवर!”

“चारच शर्ट?”

“चार मी पाहिले. बाकीचे देव जाणे.”

तेव्हापासून बेरिलनं कामाचे पैसे खर्च केले नाहीत. झाकण फुटलेल्या किटलीत टाकले आणि किटली कपाटाच्या माथ्यावर ठेवली, जणू आत साप आहे. सांगितलं तर मदत जाईल, मदत गेली की घर जाईल. नाही सांगितलं तर कधीतरी कुणीतरी सांगेल, मग घरही जाईल आणि अब्रूही. तिसरी वाट होती, भट्टी विकून टाकायची. गेल्याच आठवड्यात ती त्या वाटेवर होती. कोठडीत जाऊन भट्टीच्या झाकणावर हात ठेवला होता. लोखंड गार होतं, आणि तरी तिला आतून धग लागली, पोटात मूल फिरल्यासारखी. तिला मूल झालं नव्हतं. पण तिच्या आईनं ते वर्णन इतक्यांदा केलं होतं की तिला ठाऊक होतं. तिनं वर ओव्हरकोट टाकला तो भट्टी लपवायला. पण टाकताना कॉलर मात्र नीट केली.

चहा काठावरून उतरला.

आधी शेरटच्या मांडीवर, मग कागदांवर, मग सुटलेल्या नाडीवर. तो ओरडत उठला. कप मात्र त्यानं सोडला नाही. या शहरातला माणूस स्वतः पडेल, कप पडू देणार नाही. उजव्या हातात कप उलटा धरून, डाव्या हातानं पँट अंगापासून लांब ओढत, तो कपाचं बूड बघत उभा होता. बेरिल फडकं आणायला धावली आणि फडकं हातात घेऊन स्वयंपाकघरातच थांबली. मागचं दार उघडं होतं. तिच्या मनात आलं, आपण या दारानं निघून जावं, टेकडी उतरावी, कालव्याच्या काठानं चालत राहावं. मग तिला आठवलं की पायांत सपाता आहेत.

ती परत आली. “भाजलं का हो?”

“नाही. म्हणजे हो. ते राहू द्या.” तो कप खिडकीशी नेऊन फिरवत होता. “आमच्या आजीकडं एक बशी होती. ती आम्हां पोरांना आंघोळीनंतर बसवायची आणि बशीखाली दाखवायची. म्हणायची, बघा, याच्यात एक बेडूकमासा पोहतोय, शोधा. शिक्क्याच्या बाजूला असा एवढा बारीक.” त्यानं मान वर केली. “हा मोठा झालाय.”

 बेरिलच्या हातातल्या ओल्या फडक्यातून पाणी तिच्या सपातांवर ठिबकत होतं.

“कारखान्यातला असेल ना तुमचा? जुना?” शेरट म्हणाला. ते त्यानं सहज विचारलं. पण त्या प्रश्नात एक दार उघडं होतं, आणि बेरिलला ते दिसलं. हो म्हटलं की झालं. हो, कारखान्यातलाच, जाताना दिलेला. तो मान हलवेल, कागद पुसेल, निघून जाईल. बटाट्याचं पोतं खाली, भट्टी तशीच, पेगला आंघोळ. तिनं तोंड उघडलं सुद्धा. आणि तेवढ्यात तिची नजर कपाच्या पांढऱ्या तळावर गेली. चाळीस वर्षं ती कोपऱ्यात होती. आता मधोमध होती, एकटी, मोठी, शेपूट डौलात वळलेली. तिला पुन्हा कोपऱ्यात जा म्हणून सांगायचं? आपल्याच तोंडानं? एका छपरासाठी? छप्पर काही लहान गोष्ट नव्हती. तिच्या डोक्याला ते कळत होतं. पण जिभेनं डोक्याला विचारलं नाही.

“शिक्का कुठाय त्याच्यावर?” ती म्हणाली. “बघा ना नीट. शिक्का नाही. तो माझा आहे. इथंच केलाय, मागच्या कोठडीत. घोट्यापासून करतेय.”

“कशापासून?”

“जूनपासून. भावाच्या लग्नापासून. लोक पैसे देतात. पैसे त्या किटलीत आहेत, मी हात लावलेला नाही. आता तुम्हाला काय लिहायचं ते लिहा.”

तिनं गालावरचा हात काढला. तो अजून तिथंच होता हे तिला आत्ता कळलं.

शेरट खाली बसला, ओल्या खुर्चीवर, मग पुन्हा उठला. “दाढ थांबली वाटतं.”

“दाढ कसली. एकविसाव्या वर्षी सगळे दात काढून टाकलेत, लग्नाचा आहेर म्हणून, तेव्हा रीतच होती तशी. ही कवळी आहे.”

आणि शेरट हसला. आधी नाकातून, मग आवाज करून, मग त्याला खुर्चीची पाठ धरावी लागली. बेरिलला राग आला, आणि राग येता येता तिच्याही बरगड्यांत कुठंतरी लँडुडनो हललं, आणि ती हसली. दोघं ओल्या गालिच्यावर उभं राहून हसत होती. भिंतीपलीकडून पेगनं टकटक केली, काळजीची टकटक.

“मिसेस टर्नॉक,” डोळे पुसत तो म्हणाला, “तुम्हाला कुणी सांगितलं की काम केलं की मदत बंद होते?”

“सगळेच सांगतात. कोपऱ्यावरच्या बाईची झाली ना. चार शर्टांवर.”

“त्या बाईबद्दल मी काही बोलू शकत नाही. पण काम केलं म्हणून कुणाची मदत जात नाही, लपवलं म्हणून जाते. मिळकत वाढली की मदत कमी होते, तेवढ्यापुरती. सगळी नाही. रंग, सोनं, वीज, हा खर्च आधी वजा होतो. घरात धंदा करायला घरखात्याची परवानगी लागते. आणि भट्टीची वायर तपासायला माणूस येईल.” तो थांबला. “जूनपासून सांगायला हवं होतं, ते मला लिहावं लागेल. थोडी मदत परत द्यावी लागेल तुम्हाला. ते माझ्या हातात नाही.”

“द्यायचे ना. किटली तशीच आहे.”

“म्हणजे घाबरलात, पण उधळलं नाहीत.”

“घाबरलेला माणूस कुठं उधळतो?” बेरिल म्हणाली. “म्हणजे मला तुम्ही रस्त्यावर नाही काढणार?”

“या पँटवर मी स्वतः रस्त्यावर कसा जाऊ, तो विचार करतोय.”

तिनं त्याला कोठडी दाखवली. पोतं उचललं, ओव्हरकोट काढला, घडी घातली. भट्टीच्या झाकणाला हात लावायच्या आधी त्यानं विचारलं, “गार आहे ना?”, आणि बेरिलला तो आवडला. आत एक बारशाचा कप अर्धवट होता, न भाजलेला, मळकट जांभळ्या फुलांचा. तो वाकून त्या कपाकडे बघायला लागला, तशी ती म्हणाली, “आता नका बघू. भाजल्यावर या.” “मला येता येणार नाही,” तो म्हणाला. “तुमचं काम माझ्याकडं आहे तोवर मी तुमच्याकडून काही विकतही घेऊ शकत नाही. नियम आहे.” मग दारात, नाडी बांधता बांधता, वर न बघता: “पण माझ्या आईला कुठलाच नियम नाही.”

तो गेल्यावर पेग आली, चौकटीला टेकून उभी राहिली. “काय झालं गं? गेलं घर?”

“तुझा टब मोकळा कर,” बेरिल म्हणाली. “भांडी घरी येतायत.”

“देव पावला. मी म्हटलं, आता मरेपर्यंत मला मोरीत पाय धुवावे लागणार.” मग पेगनं नाक वर केलं. “कोबी कशाला उकडलास? लवंगेचा वास बरा होता त्यापेक्षा.”

त्या दुपारी बेरिल जिना चढली तेव्हा पायऱ्या वाजल्या. तिनं मुद्दाम वाजवल्या नव्हत्या, पण वाजल्या, आणि मध्यावर थांबून तिनं एक पायरी पुन्हा वाजवून बघितली. खिडकीत टेबल ओढलं. ती खिडकी उत्तरेची नव्हती, पण टेकडीवर उजेड कुठूनही येतो. कुंचला रंगात बुडवला, एका कडेला जास्त, दुसऱ्या कडेला कमी. जुने पैसे परत दिले तेव्हा किटली रिकामी झाली आणि तिला चहा करायला ती परत मिळाली. मदत कमी झाली, पुढच्या वर्षी आणखी कमी झाली, तेव्हा बेरिलनं सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात नगरपालिकेच्या नावानं बोटं मोडली. मग एका हिवाळ्यात ती मदत तिला लागेनाशीच झाली. त्या दिवशी कचेरीतून परत येताना तिला थोडं चुकल्यासारखं झालं, दुखणारी दाढ काढल्यावर जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते तसं. मग तिला आठवलं की आपल्याला दाढा नाहीत, आणि ती बसमध्ये एकटीच हसली, आणि समोरच्या पोरीनं जागा बदलली. शेरटची आई दर नाताळला एक कप घेऊन जायची. एकदा तिच्याबरोबर तोही आला, दुसऱ्या खात्यात बदली झाल्यावर. बेरिलनं त्याला चहा दिला आणि जवळ उभी राहिली. “आधी संपवा,” ती म्हणाली.

तिच्या मयताच्या चहाला जमलेली माणसं याच कपांतून चहा प्यायली आणि एकेकानं कप उलटा करून बघितला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या विल्फनं चहा न संपवताच केला, आणि ग्वेंडानं त्याची मांडी पुसली. बेरिल टर्नॉक दोन हजार सोळा साली, ऑक्टोबर महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याच घरात वारली. भट्टी तेव्हा गार होत होती. तिच्या सांगण्याप्रमाणे ती दुसऱ्या दिवशी उघडली.